फुलदाणीच्या बुडाचा शिक्का

खंडेनवमीला मित्राच्या गावी गेलो होतो. पूजेत मांडायची उंच पितळी फुलदाणी त्याची आई चिंच लावून घासत होती.

“तोफगोळ्याचं नळकांडं आहे हे,” काकू म्हणाल्या. “आमच्या आजेसासऱ्यांनी पहिल्या महायुद्धातनं आणलं. दोघं भाऊ गेले होते. थोरले लढाईत तिकडंच राहिले.”

मी ते उपडं करून पाहिलं आणि चरकलो. बुडावर तपासनिसाचा शिक्का होता, मालात खोट नसल्याचा. कारखान्यात तपासणी खात्यात मी जन्मभर असाच शिक्का मारला, पंपांच्या सुट्या भागांवर.

युद्ध संतापातून पेटतं असं मला वाटायचं. इथं संताप कुठं होता? कुणीतरी सकाळी डबा घेऊन कामावर आलं, पितळेची जाडी मोजली, समाधानानं शिक्का मारला आणि पुढचं नळकांडं हातात घेतलं. कदाचित त्याचाही भाऊ लढाईवर असेल.

काकूंनी त्यात झेंडू भरले, कोयत्या-विळ्यांशेजारी ते ठेवलं, हळदकुंकू वाहिलं.

“नमस्कार कर, बाळा.”

दरवर्षी याच दिवशी मी माझ्या शिक्क्याला हळदकुंकू लावून नमस्कार करत आलो होतो. आज हात जुळेनात.