कमलच्या हातची बोहनी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण मी घेते. सुकलाल. माणूस वाईट नाही, हट्टी आहे. आणि ही गोष्ट त्यांची नाहीच, माझ्या धाकट्या जावेची, कमलची आहे.

दापोऱ्याच्या रस्त्याला, शेताच्या बांधावर कमल आणि माझे दीर रामदास यांनी चार बल्ल्या रोवून, वर आणि मागं उसाचं पाचट लावून दुकान मांडलं होतं. घरची केळी, बांधावरची सीताफळं, थोडा ऊस. दिवाळीच्या आगेमागे गाड्या थांबतात. रामदास तोडून आणायचे, बोलायची ती. "दाबून काय बघता, खाऊन बघा," म्हणायची आणि सीताफळ फोडून हातावर ठेवायची. तिचं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हातानं जात नसे.

श्रावणात रामदास गेले. नवरात्रात कमलनं पुन्हा दुकान उघडलं, तर आमचे मालक, सुकलाल, म्हणाले, "बस दुकानावर, पण बोहनी तुझ्या हातची नको. विधवेच्या हातानं दिवसाची बरकत जाते. सकाळचा पहिला पैसा मालू घेईल. पटत नसेल तर दुकान रितेशला देऊ." मालू म्हणजे मी, रितेश आमचा मुलगा. बांध दोघा भावांच्या नावावर, त्यामुळे बोलायची सोय नाही. दुकान गेलं असतं तर कमलला लोकांच्या बागेत निंदायला जावं लागलं असतं. तिनं मान डोलावली.

मग रोज सकाळी मी जायची. पहिलं गिऱ्हाईक होईपर्यंत ती पाचटामागे उभी, स्वतःच्याच दुकानात चोरासारखी. मी नोट घेऊन तराजूला लावायची, कपाळाला लावायची, मग ती पुढं यायची. खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस मला बरंच वाटलं. आपला हात शुभ म्हणे! मग एकदा ती शांतपणे म्हणाली, "बाई, रितेश झाला तेव्हा सव्वा महिना तुम्हाला न्हाऊ-माखू याच हातांनी घातलं." मला फार लाज वाटली.

देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, आली. आमच्या तुळशीच्या लग्नाला पाच ऊस याच बांधाचे लागतात, सासऱ्यांपासूनची रीत. शेतं वेगळी होऊन ऊस रामदासांच्या वाट्याला गेल्यापासून मालक ते पैसे देऊन नेतात, कारण पूजेचं फुकट घेतलं तर पुण्य देणाऱ्याला जातं. सकाळी उजाडताच ते आले. मी दुकानापुढं सारवत होते. हात कोपरापर्यंत शेणात, आणि मुद्दामच.

"मालू, पैसे घे."

"हात भरलेत."

"मग धू."

"पाणी संपलं." भरलेली बादली माझ्यामागे होती.

मालक बाकड्यावर बसले. दुसरं कोणीतरी बोहनी करेल, म्हणजे आपला पैसा पहिला ठरणार नाही, मग आपण ऊस न्यायचा, हा त्यांचा बेत मला दिसत होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथं हरी तर बाकड्यावर बसला होता, गाढव कोण ते मी सांगत नाही.

तेवढ्यात मोटारसायकलवर एक जोडपं थांबलं. "अम्मा, सीताफल कैसे दिए?"

कमल जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, कधी बोलली नव्हती. पदर डोक्यावरच होता, पण ती पाचटामागून पुढं आली. "दो मिनट, भैया. पहले ये आए हैं, इनका होने दो."

मग तिनं पाच ऊस मालकांपुढं ठेवले आणि हात पसरला. "भाऊ, पूजेचं फुकट चालत नाही, उधारही चालत नाही. पैसे माझ्या हातावर द्या, नाहीतर ऊस इथंच राहू द्या. दुकान रितेशला द्यायचं तर आजच द्या. मी आता मागं उभी राहणार नाही."

जोडपं बघत होतं. मी एकच जागा तिसऱ्यांदा सारवत होते.

मालकांनी खिशात हात घातला, बराच वेळ तो खिशातच ठेवला. मग नोट काढून तिच्या तळव्यावर ठेवली. कमलनं ती तराजूला लावली, आपल्या मोकळ्या कपाळाला लावली.

"सुट्टे नाहीत, भाऊ. बोहनीची वेळ आहे. उरलेले उद्या सकाळी येऊन न्या."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी बादली पुढं ओढली आणि त्यांच्या देखत खसाखसा हात धुतले.