सामानाची नाव

माझ्या चुलत्यांवर चोरीचा आळ घालणारा परका कोणी नव्हता, माझेच वडील होते. मी दुसरीत असताना धरणाचं पाणी गावात शिरलं. चुलते गावचे नावाडी. शेवटच्या खेपेला आमचं सामान भरलेली नाव बुडाली आणि चुलते पोहत काठाला आले. "बुडाली कसली, इकून खाल्लं," असं वडील म्हणाले आणि दोघा भावांत कायमचा अबोला पडला. नव्या गावठाणात दोन घरांमध्ये फक्त एक बोळ, तरी आम्हाला त्यांचा उंबरा बंद.

गेल्या उन्हाळ्यात वडिलांनी अंथरूण धरलं, तेव्हा मी ठरवलं की नाव शोधायची. वडील जायच्या आत चुलत्यांवरचा डाग पुसला जायला हवा होता. चाकणच्या कंपनीतून आठवड्याला सुट्टी एकच, गुरुवारची. मासे शोधायचं यंत्र ऑनलाइन मागवलं, एका मच्छीमाराची होडी ठरवली आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत सुटलो.

"आमच्या वावरावर बुडाली, म्या डोळ्यानं बघितलंय," एक म्हणाला.

"तुझं वावर कवा व्हतं रं तिकडं? आमच्या बांधाला हाय ती," दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

ज्याला त्याला बुडालेली नाव स्वतःच्याच जमिनीत हवी. मोबदला घेऊन जन्म लोटला, तरी होडीत बसून, पाण्याकडे हात करकरून हे लोक हद्दीवरून भांडले. एक अख्खा गुरुवार त्यात गेला. यंत्रावर काही दिसलं की गळ टाकायचा, वर यायची बाभळीची फांदी. डोकं उठलं माझं. मग पाऊस लागला, धरण भरलं. थंडीत वडील गेले.

दहाव्याला चुलते आले आणि लांब बसले. त्या अबोल्यानंतर मी पहिल्यांदाच त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि नाव नेमकी कुठे बुडाली ते विचारलं.

"जुन्या शाळंची भिंत उन्हाळ्यात वर येती ना, तिच्या मागल्या अंगाला. बांबू टेकतो तिथं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"इचारलं कुणी?"

त्यांचा राग आला, त्याहून माझा स्वतःचा. सगळं गाव पालथं घातलं आणि नावाड्यालाच विचारलं नाही. वडिलांना कळलं तर काय म्हणतील, या धाकाने पन्नाशीच्या माणसाने एक बोळ ओलांडला नाही.

यंदा पाणी उतरल्यावर चुलत्यांना होडीत घेतलं. त्यांनी दाखवलं तिथे दुसऱ्याच खेपेला गळ जड झाला. तांब्याचा हंडा वर आला. मी चिखल पुसला, तर गळ्याशी वडिलांचं नाव कोरलेलं. चुलत्यांनी हंडा मांडीवर घेतला आणि त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले.

"आता ह्यो कुणाला दावू?" त्यांनी मला विचारलं.