बाबा कुरणावर गेलेत

डोंगरातल्या कोचकोर गावातल्या बायकांना इंग्रजी हवं असतं ते पोटासाठी. सोन-कुल तळ्याकडे निघालेले परदेशी पाहुणे गावात एक रात्र टेकतात. त्यांच्याशी चार शब्द बोलता आले नाहीत तर ते शेजारणीकडे उतरतात, आणि शेजारीण मग आठवडाभर नाक वर करून फिरते. अनारकान पन्नाशी ओलांडलेली बाई. जन्म याच गावातला, सासरही याच गावातलं, आयुष्य गेलं ते गाई-घोड्यांच्या धारा काढण्यात आणि अंथरायचे लोकरीचे नमदे लाटण्यात. तिचं इंग्रजी म्हणजे चहा, पाव आणि संडासाकडे दाखवलेलं बोट. एवढ्या भांडवलावर तिनं दोन उन्हाळे रेटले होते.

"आपा, बोटानं किती दिवस बोलणार आहेस?" तिची लेक मिरगुल म्हणाली. एकुलती एक लेक, आईला आपा म्हणायची. इंग्लंडला स्ट्रॉबेरी तोडायच्या हंगामी कामावर निघाली होती. जायच्या आधी तिनं आईच्या फोनवर एक लेखनमंडळ लावून दिलं. इंग्रजी शिकणारी देशोदेशीची मोठी माणसं तिथं दर आठवड्याला स्वतःबद्दल अर्धं पान लिहीत आणि बाकीचे ते वाचत. चुका काढायला बंदी. वाचणाऱ्यानं फक्त एक प्रश्न विचारायचा, मनापासून जाणून घ्यावंसं वाटेल तो. मंडळ चालवायची मॉइरा नावाची स्कॉटलंडची एक निवृत्त मास्तरीण. खरं नाव सांगायची सक्ती नव्हती. मिरगुलनं आईचं नाव ठेवलं 'किटली'.

"तू पण वाचशील ना गं?" अनारकाननं विचारलं.

"मला कुठला वेळ? पहाटेपासून वाफ्यांत वाकायचं. तू लिही."

अनारकाननं पहिल्यांदा लिहिलं ते भाकरीबद्दल. ब्राझीलमधल्या एका बसड्रायव्हरनं विचारलं, भाकरी उलटी ठेवलेली तुम्हाला का चालत नाही? ती कितीतरी वेळ त्या प्रश्नाकडे बघत बसली. घरात तिला लोक विचारायचे, चहा झाला का. आपल्या डोक्यात काय आहे ते कुणाला जाणून घ्यायचं असतं, हे तिला नवीनच होतं. मग ती लिहीत सुटली. फोनमधल्या शब्दकोशात बोट घालून एकेक शब्द हुडकायची, वाक्य वाकडंतिकडं जमायचं, पण जमायचं. नवरा कासिमअली पाठीवर पडून हसायचा. "बायको लेखिका झाली. आता जेवण कोण करणार, मॉइरा?"

हाच कासिमअली जुलैत गवत कापताना छातीला हात लावून खाली बसला. उचलून घरी आणला, तर संध्याकाळी गेला.

अंगणात तंबू उभा राहिला. आपल्याकडे बाप गेला की लेकी तंबूत भिंतीकडे तोंड करून बसतात आणि विलाप गातात. माणूस कसा होता ते साऱ्या गावाला लेकीच्या तोंडून कळतं. मिरगुलच्या जागी पुतणी बसली. तिनं गायलं बिचारीनं, पण ते काकाचं गाणं झालं, बापाचं नाही.

दफन उरकल्यावर कासिमअलीचे थोरले भाऊ मुकाशआबा सगळ्यांसमोर बोलले. "मिरगुलला कळू द्यायचं नाही. ती परत आली की आपण सांगू, रीतीनं."

रीत कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मरणाची बातमी अशी तोंडावर फेकत नाहीत. वडीलधारी घरी जाऊन बसतात, लांबून सुरुवात करतात, आणि शब्द निघायच्या आत दोन बायकांनी तिचे दंड धरलेले असतात. एकट्या माणसाला मरण ऐकवणं म्हणजे त्याला दरीत ढकलणंच. आणि पोरगी बसली होती परमुलखात, पत्र्याच्या खोपटात. तिला तिथं धरणार कोण? अख्ख्या गावानं तोंडाला कुलूप लावलं. कुणी फोटो टाकला नाही, कुणी चकार शब्द लिहिला नाही.

दर रविवारी मिरगुलचा फोन यायचा.

"बाबा कुठायत?"

"कुरणावर गेलेत. तिथं रेंज नाही बाई."

"बरं. म्हणावं, रात्री गार असतं, मोजे घाला."

"सांगते हो," अनारकान म्हणायची. फोन ठेवायची आणि कामाला लागायची. खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं. ते तिला आतून कुरतडत होतं. गावात रडायची सोय होती, पण गावात तिला जो तो धीर द्यायचा, आणि धीर ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

तेव्हा तिनं इंग्रजीत लिहिलं. 'माझ्या घरचा माणूस गेला,' असं. नवऱ्याचं नाव तिनं लग्न झाल्यापासून घेतलं नव्हतं, दिराचंही नाही. सून माणसानं घ्यायचं नसतं. इंग्रजीतही तिची जीभ तिकडे वळली नाही. नाव नाही, गाव नाही, लेकीला तर वाचायला वेळच नाही, मग ओळखणार कोण, हा तिचा हिशेब. आणि इंग्रजी म्हणजे तरी काय, परक्यांचं घर. तिथं बोललेलं आपल्या माणसांच्या कानावर थोडंच जातं? भोळी ती भोळीच.

मंडळातल्या लोकांनी हळहळ लिहिली. त्यांत 'टेकडी' नावाचं कुणीतरी नवीन होतं. टेकडीनं एवढंच विचारलं: त्यांच्या उशाशी कोण बसलं होतं?

मी, अनारकाननं लिहिलं. पुढच्या आठवड्यात टेकडी पुन्हा आली. त्यांनी काही मागितलं का? ताक मागितलं, दोन घोट प्याले. मग: खूप दुखत होतं का? अनारकान यावर दोन दिवस अडली. शेवटी खरं तेच लिहिलं: आधी दुखलं, नंतर नाही. मग टेकडीनं विचारलं: त्यांनी कुणाची आठवण काढली?

लेकीची, तिनं लिहिलं. म्हणाले, पोरीला घाबरवू नका.

या परक्या बाईला सगळं सांगताना अनारकानला मोकळं वाटायचं. बाईच असणार, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. ती आठवडाभर टेकडीच्या प्रश्नाची वाट बघायची. चुलीवरचं दूध उतू जायचं, आणि जाऊबाई म्हणायच्या, "तुझं ध्यान कुठंय गं?"

सप्टेंबरात तिनं लिहिलं की गेलेल्याचे कपडे आम्ही वाटून टाकतो. टेकडीचा प्रश्न आला: शिवलेल्या खिशाचा तपकिरी कोट कुणाला दिला?

अनारकाननं तो पुन्हा वाचला. तिनं कोटाचा शब्दही लिहिला नव्हता. त्या कोटाच्या डाव्या खिशाला भोक होतं, त्यातून तंबाखूची डबी सारखी पडायची. मिरगुल शाळेत असताना तिनं हौसेनं सुई घेतली आणि भोक राहिलं बाजूला, खिशाचं तोंडच शिवून टाकलं. बापानं तो टाका कधी उसवला नाही. तसाच मिरवला. ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती.

ती तशीच उठून मुकाशआबांकडे गेली. सगळं सांगितलं. आबांनी ओरडायला हवं होतं, पण ते ओरडले नाहीत.

"म्हणजे पोरीनं एकटीनं वाचलं," ते म्हणाले. "आणि एकटीच रडली."

"माझ्यामुळं, आबा."

"आपल्या सगळ्यांमुळं. मीच म्हणालो ना, कळू द्यायचं नाही." "रविवारी मी येतो. मी सांगीन."

गावातल्या कितीतरी घरांत ही बातमी सांगायला मुकाशआबाच गेले होते. पण रविवारी फोन वाजला आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी फोन अनारकानच्या हातात दिला.

"आपा? बाबा कुठायत?" मिरगुलनं नेहमीसारखं विचारलं.

"कोट मी तुझ्यासाठी ठेवलाय," अनारकान म्हणाली.

आणि तिनंच पुढं विचारलं,

"तू का नाही बोललीस गं?"

"तू म्हणायचीस ना, कुरणावर गेलेत," मिरगुल हळू म्हणाली. "तेवढं ऐकेपर्यंत ते असायचे. फोन ठेवला की मी वाचायला बसायचे. आणि तुला कळलं असतं की मला कळलंय, तर तू माझी काळजी करत बसली असतीस. तुझं रडायचं राहिलं असतं."

"तुझ्याजवळ कोण आहे आत्ता?"

"सावरी आहे. ताजिक आहे. खोपटात माझ्या शेजारी झोपते."

"तिला बोलाव. म्हणावं, माझा दंड धर."

"तिला आपलं बोलणं कळत नाही, आपा."

"दंड धरायला काय कळावं लागतं? बोलाव."

पलीकडे खाटेचा आवाज झाला, मोडक्या रशियनमध्ये कुजबुज झाली.

"धरलाय," मिरगुल म्हणाली.

मग अनारकाननं लांबून सुरुवात केली, जशी करायची असते तशी. उन्हाळा चांगला होता म्हणाली. गवत मोप आलं होतं म्हणाली. तुझे बाबा सकाळी शीळ घालत निघाले होते म्हणाली. आणि मग म्हणाली, "बाळा, तुझे बाबा गेले."

मिरगुलला सगळं ठाऊक होतं. ताक किती घोट प्याले तेही ठाऊक होतं. पण आईच्या तोंडून, आपल्या भाषेत, ते तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं हंबरडा फोडला. अनारकान तिला उगी म्हणाली नाही. तिनं पोरीला रडू दिलं, आणि आपणही रडली.