अण्णांची विमानाची काठी

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही, आणि माझ्या बाकीच्या सगळ्या लबाड्या तिला तोंडपाठ आहेत. तुम्हाला का सांगतोय? मलाच नीट माहीत नाही. मधे कुठे अडखळलो तर तेवढं चालवून घ्या.

दोन हजार सात साल. मी मूळचा उदगीरचा, नोकरी पुण्याजवळच्या आयटी पार्कात, आणि राहायला शेजारच्या माण गावात अण्णांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. अण्णांची बरीचशी जमीन पार्कात गेलेली, उरलेल्यातल्या एका तुकड्यावर त्यांनी खोल्या काढलेल्या. घरात अण्णा, मुलगा संतोष — तो कंपनीची गाडी चालवायचा, घरी पाहुण्यासारखा — आणि सून सुनीता. सुनीता कोळवणकडची, बारावी झालेली. खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ती दुपारची मराठी टायपिंगचा सराव करायची. दिवाळीनंतर परीक्षा होती. पास झालीस तर शाळेच्या ऑफिसात घेऊ, असं हेडमास्तर म्हणाले होते. घरात कुणी तिला कॉम्प्युटर शिकवला नव्हता हो, एकेक बटण शोधत आपली आपण शिकली होती.

अण्णांना मात्र तो कॉम्प्युटर एकाच कामाला लागायचा — विमान उडवायला. हसू नका! जमीन गेली त्या वर्षी घरात पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबर एक जॉयस्टिक आली. काळी, जाडजूड, ट्रॅक्टरच्या गिअरसारखी मुठीत बसणारी. अण्णा तिला काठी म्हणायचे. संध्याकाळचा चहा झाला की टोपी काढून ठेवायची आणि तासभर विमान. पुढे तो कॉम्प्युटर मेला, नवा आला, आणि काठीची पंधरा टोकांची रुंद पिन नव्याला कुठेच बसेना. नव्याला सगळी यूएसबीची चपटी भोकं.

"इंजिनेर, येवढं जोडून दे," अण्णा म्हणाले. "पर उघडू नको बरं का. नुसतं जोड."

अर्ध्या तासाचं काम आहे, असं मी छातीठोकपणे सांगून बसलो. पुण्यातून एक स्वस्तातला कन्व्हर्टर आणला — एका बाजूला जुनी पिन, दुसऱ्या बाजूला यूएसबी. जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम टाकला, त्यात तो विमानाचा गेम चालूही झाला. पण विमान? सारखं डावीकडे कलंडायचं. काठी चारी कोपऱ्यांत फिरवून झाली, आकडे जुळवून झाले, तरी पडद्यावरची खूण थरथरतच राहायची. अण्णा मागे उभे राहून नुसतं "हं" म्हणायचे. ते "हं" मला फार झोंबायचं.

आणि खरं सांगू? मला ती उघडायचीच होती. पहिल्या दिवसापासून. आत काय असेल, माणसाच्या हाताचा कल तारेतून आकडा होऊन कसा जात असेल — हे कळल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

खंडेनवमीला सुनीताने सकाळी अवजारांची पूजा मांडली. कोयता, विळे, पहार, ट्रॅक्टरची किल्ली, आणि अण्णांच्या हुकुमावरून कॉम्प्युटर अन् काठीसुद्धा. हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं. दुपारी सगळे कोळवणला तिच्या माहेरी गेले. घरात मी एकटा. चारच स्क्रू तर होते, काढले.

आत दोन छोट्या गोल चकत्या, प्रत्येकीला तीन पाय. काठी हलली की चकती फिरायची. पण तारा दोनच पायांना! तिसरा पाय रिकामा. का? मला वाटलं, कंपनीने कंजूषपणा केलाय. मी शहाणा. एक मायक्रोचिप घेऊन यूएसबीला लागणारं सर्किट मी आधीच बनवून ठेवलं होतं. रिकाम्या पायाला ग्राउंडची, म्हणजे वीज परत नेणारी तार डकवली आणि वीज आणणारी जुनी तार मधल्या पायावर तशीच राहू दिली. कॉलेजातल्या पोरालाही कळलं असतं, की काठी एका टोकाला गेली की या दोन तारा एकमेकींना भिडणार. मी काठी पूर्ण डावीकडे नेली. बारीकसा धूर निघाला, जळका वास आला. संपलं.

मी घाईघाईने सगळं होतं तसं बंद केलं. संध्याकाळी अण्णा आले, काठी हलवून पाहिली. विमान जागचं हलेना. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय झालं रं?" आणि मी — थांबा जरा.

मुठीवर सकाळचं कुंकू लागलेलं होतं. ओघळून सुकलेलं. त्याच्याकडे बोट दाखवून मी म्हणालो, "पूजेचं पाणी आत गेलेलं दिसतंय, अण्णा."

कुणी माझा गळा धरला नव्हता. चुकलो म्हणालो असतो तर अण्णा दोन शिव्या हासडून मोकळे झाले असते. पण मी इंजिनिअर ना! अण्णांनी सुनीताला हाक मारली आणि माझ्यादेखत सांगितलं, "आजपासनं त्या टेबलाला हात लावायचा न्हाई. समजलं का?" ती मान खाली घालून आत गेली. संतोष गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला. दुपारचा कीबोर्डचा आवाज दुसऱ्या दिवसापासून थांबला.

पुढचं सांगायची जास्त लाज वाटते. त्या दिवसांत मी खूष होतो. होय, खूष! कारण रिकाम्या पायाचं कोडं मला सुटलं होतं. जुना कॉम्प्युटर वीज मोजतच नव्हता, तो वेळ मोजायचा. काठीतून झिरपणाऱ्या विजेने एक बारकी टाकी भरायला किती वेळ लागतो, त्यावरून हात कुठे वळलाय ते ओळखायचा. त्याला दोनच तारा पुरत. किती साधं, किती अक्कलहुशारीचं! मी पुण्यातल्या बुधवार पेठेतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून नव्या चकत्या आणल्या, या वेळी तिन्ही पायांना नीट तारा जोडल्या. विमान सरळ उडालं. अण्णांनी शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवलं. "पोरीनं पानी घातलं, पर ह्यानं जित्ती केली," असं सगळ्यांना सांगत होते. सुनीता चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. मी चहा घेतला.

टेबलाची बंदी उठली नाही. मी उठवायला सांगितलंही नाही — सांगायला गेलो असतो तर पाण्याचा विषय निघाला असता. दिवाळी झाली, परीक्षा झाली. ती बसली नाही. शाळेत दुसरं कुणीतरी लागलं.

खोली सोडताना मी सामान बांधत होतो. ती जिन्याशी आली, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "दादा, मी फुलानं दोनच थेंब शिंपडलं व्हतं. तुमाला आत पानी खरंच दिसलं का?"

ती भांडायला आली नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. घरात आम्ही दोघंच होतो, अण्णा शेताकडे गेलेले.

"हो," मी म्हणालो. "दिसलं होतं."

"मग माझंच चुकलं आसंल," ती म्हणाली, आणि माझी बादली उचलून खाली रिक्षापर्यंत आणून दिली.

आत पाणी नव्हतं. एक थेंबसुद्धा नव्हता.