भिंतीवरून उतरवलेलं वर्ष

हॅलोरन गावात कुणालाही विचारा, इथल्या कॉलेजने बर्फावरच्या हॉकीचं अजिंक्यपद किती वेळा जिंकलं, तर तो आधी तुमच्याकडे बघेल, मग खिडकीबाहेर बघेल आणि मग म्हणेल, "दोनदा." हे 'दोनदा' म्हणताना जी जराशी अडखळ होते, ती तोइमी हापालामुळे.

पहिलं अजिंक्यपद तांब्याच्या खाणी जोरात होत्या त्या काळातलं. तेव्हा रिंक, म्हणजे खेळायचं बर्फाचं मैदान, एका लाकडी शेडखाली होतं, बर्फ थंडी पडेल तसा आणि तेव्हा. उन्हाने बर्फ मऊ पडला की सामना थांबायचा, प्रेक्षक घरी जाऊन जेवून यायचे. दुसरं महायुद्धानंतरचं. मिशा फुटलेले, सैन्यातून परतलेले बाप्ये कॉलेजात बसले होते आणि समोर कोवळी पोरं खेळत होती, त्यामुळे ते जिंकले यात फारसं नवल नाही, पण गाव त्यानंतर चांगलं आठवडाभर शुद्धीवर नव्हतं, पाद्रीबुवांसकट. या दोन्ही वर्षांचे झेंडे रिंकच्या उत्तरेकडच्या भिंतीवर टांगलेले आहेत. त्यांच्या शेजारी तिसऱ्या झेंड्याएवढी जागा रिकामी आहे आणि तिथे काही लावायचं कुणाच्या मनात येत नाही.

त्या भिंतीखाली बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो तो तोइमी. लोकांना वाटतं, कॉलेजने दया येऊन नोकरी दिली. तसं काही नाही. खाण बंद पडलेली, गावात दुसरं काम नव्हतं आणि त्याला बर्फाचं कळत होतं, एवढंच. मान वर करून तो भिंतीकडे बघत नाही. यंत्र वळवताना तसंही खालीच बघावं लागतं.

त्याचा बाप वैनो आयुष्यभर जमिनीखाली काम केलेला माणूस. बोलण्यात अत्यंत काटकसरी. पण पोरगा गोलात उभा राहायला लागल्यापासून म्हातारा पार वेडा झाला होता. गोली, म्हणजे गोलरक्षक, सामन्याच्या तीन पिरियडांत दर वेळी टोक बदलतो, म्हणून वैनोही टोक बदलायचा. सगळे आपापल्या जागी कॉफी पीत बसलेले आणि हा आपला कोट सावरत, लोकांच्या गुडघ्यांवरून उड्या मारत, रिंकच्या या टोकाकडून त्या टोकाला. "वैनो, तू खेळतोयस की तोइमी?" लोक ओरडायचे. हा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि पोराच्या पाठीमागे रिंकभोवतीच्या काचेला नाक लावून उभा राहायचा.

आता ती गोष्ट. तोइमी कॉलेजात जायच्या आधीच्या हिवाळ्यात बापलेक नदीपलीकडे, कॅनडात, तोइमीच्या मामेबहिणीच्या लग्नाला गेले होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे मंडळी तिथल्या संघाचा सामना बघायला गेली. तो संघ पोरांना पैसे देऊन खेळवणारा. त्यांचा एक गोली तापाने घरी पडलेला आणि दुसऱ्याला दुसऱ्या पिरियडच्या शेवटी गळ्याशी पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, लागली. त्याला उचलून नेलं. मग त्यांचा मॅनेजर पायऱ्या चढून वर प्रेक्षकांत आला आणि दमलेल्या आवाजात म्हणाला, "इथे कुणी गोली आहे का?"

आमच्या भागात हा प्रश्न आला की उठायचं असतं. कुठल्या संघाचा, कुठल्या देशाचा, हे विचारायचं नसतं. मामाने तोइमीकडे बोट दाखवलं. तोइमी अर्धवट उठला आणि त्याने बापाकडे पाहिलं.

"जा," वैनो म्हणाला. "गोल रिकामा ठेवत नाहीत."

तोइमी गेला. उसन्या, मोठ्या पडणाऱ्या पॅडमध्ये त्याने शेवटचा पिरियड काढला, दोन गोल खाल्ले आणि ते हरले. मॅनेजरने पाठीवर थाप मारली, गोमांसाचं सँडविच दिलं. गाडी चालवत दोघे घरी आले. वैनो खूश होता. वाटेत तो दोनदा स्वतःशीच हसला, आणि हे हापाला घराण्यात फार झालं.

त्या सँडविचने काय केलं ते आता सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजच्या खेळाचा नियम असा होता की तिकडच्या पैसेवाल्या संघाची जर्सी अंगात घालून कुणी क्षणभर जरी बर्फावर उतरला, तर तो हौशी खेळाडू राहात नाही. पैसे घेतले की नाही, हे नियम बघत नव्हता. कुणाची जर्सी घातली, ते बघत होता. तोइमीला हे माहीत नव्हतं. वैनोला तर काहीच माहीत नव्हतं. पैसे घेतले नाहीत म्हणजे आपण हौशी, इतका साधा हिशेब.

तिसऱ्या वर्षी हॅलोरन अंतिम सामना जिंकलं. तोइमी त्या दिवशी असा काही खेळला की समोरच्या संघाचा कोच सामन्यानंतर स्वतः येऊन त्याचा हात हातात धरून उभा राहिला. वैनो काचेमागे रडत होता आणि थंडीने डोळ्यांत पाणी येतंय असं शेजाऱ्यांना सांगत होता. पोरांना आगीच्या बंबावर बसवून गावातून मिरवलं. शरद ऋतूत तिसरा झेंडा वर चढला.

आणि मग पलीकडच्या एका म्हाताऱ्या शौकिनाने वर्तमानपत्रात तोइमीचा फोटो पाहिला. बिचाऱ्याला आनंद झाला. त्याने कौतुकाने सगळ्यांना सांगितलं की हाच तो पोरगा, प्रेक्षकांतून उठून आपल्या गोलात उभा राहिलेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. कौतुक फिरत फिरत जिथे जायला नको होतं तिथे गेलं. कॉलेजने स्वतःहून वर कळवलं, कारण हॅलोरनची माणसं तशीच आहेत. अजिंक्यपद काढून घेतलं गेलं.

जानेवारीत झेंडा उतरवला तेव्हा बापलेक दोघे तिथे होते. दोन कामगार शिडीवर चढले. खाली आणल्यावर त्यांनी झेंड्याची चारही टोकं जुळवून चादरीसारखी घडी केली. बाहेर गाडीच्या काचेवर बर्फ साचला होता आणि वैनो तो खरवडायला लागला.

तोइमी त्याच्या मागे उभा होता. एकवीस वर्षांचा पोरगा, छाती फुटायला आलेली, आणि राग काढायला समोर एकच माणूस.

"तुम्ही जा म्हणाला नसतात," तो म्हणाला, "तर मी उठलोच नसतो."

वैनोचा हात थांबला नाही. त्याने आपल्या बाजूची काच पुरी केली, मग पलीकडे जाऊन तोइमीच्या बाजूचीही केली आणि गाडीत बसला. त्यानंतर त्याने रिंकमध्ये पाऊल टाकलं नाही.

संघातल्या पोरांचं म्हणाल, तर त्यांनी वर्षभर तोंड फिरवलं आणि मग सोडून दिलं. कॅप्टन मर्ल ट्रुडेल एकदा बारमध्ये तोइमीच्या शेजारी येऊन बसला. "आख्ख्या संघाचं वर्ष एका सँडविचवर घालवलंस, गाढवा," तो म्हणाला. "निदान चांगलं तरी होतं का?"

"मोहरीचा सॉस जास्त होता," तोइमी म्हणाला.

मर्ल इतका हसला की त्याला ठसका लागला. तिथे ते प्रकरण मिटलं. मिटलं नाही ते फक्त घरातलं.

बापलेकांचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. पण हे दोघे दर शनिवारी एकत्र सौनात, घरामागच्या वाफेच्या खोलीत, बसायचे, एकमेकांच्या पाठीवर पाणी ओतायचे, छतावरचा बर्फ मिळून उपसायचे. सामन्याच्या दिवशी म्हातारा रेडिओला कान लावून बसायचा आणि तोइमीची पावलं दाराशी वाजली की घाईघाईने रेडिओ बंद करायचा. तोइमीला बाहेर रेडिओ बंद होण्याआधीचा आवाज ऐकू यायचा. आत येऊन म्हणायचा, "थंडी आहे." म्हातारा म्हणायचा, "आहे."

तोइमीची बायको सिग्ने चिडायची. "अरे, तासभर बसता दोघे सौनात, बोलता तरी काय?"

"बाबा म्हणाले, लाकडं ओली आहेत."

"आणि तू?"

"मी म्हटलं, हो."

"धन्य आहे तुमची! एक वाक्य बोलायला तुला अख्खी हयात लागणार आहे का? 'बाबा, मी रागात बोललो, तुमची चूक नव्हती.' संपलं! त्याला काय मुहूर्त लागतो?"

तोइमीला हे वाक्य पाठ होतं. यंत्र चालवताना तो ते मनात म्हणायचा. कित्येकदा तो ते ओठांपर्यंत घेऊन बापाच्या दारात गेला आणि लाकडं फोडून परत आला. आज नाही, पुढच्या शनिवारी. आई गेली त्या दिवशी बोलायला हवं होतं, पण त्या दिवशी घरात माणसं होती. पुढच्या शनिवारी वैनोला सर्दी होती. असे शनिवार गेले, आणि त्यांत म्हाताऱ्याचे केस गेले, दात गेले आणि मग हळूहळू बाकीचंही जायला लागलं.

कॉफीचं भांडं लाकडाच्या खोपटात सापडलं, तेव्हा सगळे हसले. कडाक्याच्या थंडीत म्हातारा नुसत्या शर्टावर खाणीच्या बंद फाटकाशी पाळीची वाट बघत उभा सापडला, तेव्हा कुणी हसलं नाही. त्याला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी फुप्फुसांचंही सांगितलं. खाणीतली धूळ होती ती, इतकी वर्षं थांबून आता वसुली करत होती. बर्फ वितळेपर्यंत काढतील असं वाटत नाही, ते म्हणाले.

"तोइमी," सिग्ने म्हणाली, आणि या वेळी ती चिडली नव्हती. "जा. आता जा."

रविवारी दुपारी तो गेला. सिग्नेने भाजलेला निसू, वेलदोड्याचा गोड पाव, फडक्यात गुंडाळून बरोबर दिला होता. वाटेत गाडीत त्याने ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. बरं वाटलं. वाक्य तसं लहानच होतं.

दारात परिचारिका डोलोरेस भेटली. नवीनच लागली होती. "तुम्हीच का ते चॅम्पियन?" ती हसून म्हणाली. "आजोबा येईल-जाईल त्याला सांगतात. माझा मुलगा गोली, म्हणतात, कॉलेजात तीन झेंडे आहेत, त्यातला तिसरा त्याचा. रोज सांगतात, बाई! आम्हाला तोंडपाठ झालंय."

पाव हातात धरून तोइमी आत गेला.

वैनो खिडकीशी खुर्चीत बसला होता. अंगाने अर्धा झाला होता, पण डोळे लख्ख होते, कित्येक महिन्यांत नव्हते इतके. त्याने तोइमीला ओळखलं. "ये," तो म्हणाला. "झेंडा नीट आहे ना? त्या भिंतीला ओल येते."

तोइमी समोर बसला. वाक्य तोंडात तयार होतं. ते बोलायचं तर आधी म्हाताऱ्याला सांगावं लागणार होतं की झेंडा नाही. कधीचाच नाही. तुमच्यासमोर उतरवला.

"नीट आहे, बाबा," तो म्हणाला.

"मी हिला सांगत होतो, ती पोरगी आहे ना, तिला." वैनोला धाप लागली, तो थांबला. एवढं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. "पलीकडे लग्नाला गेलो होतो आपण. आठवतं? तो माणूस वर आला होता. गोली पाहिजे म्हणून."

"आठवतं."

"तू उठलास. मी तुझी बाही धरली. खाली ओढलं तुला. म्हटलं, बस. उद्या कॉलेजात खेळायचंय तुला." म्हाताऱ्याने हवेत मूठ आवळून ओढून दाखवली. "जोरात ओढली. बटण तुटलं वाटतं. रागावला होतास का?"

तोइमीने मानेनेच नाही म्हटलं.

"त्यांचा गोल रिकामा राहिला. वाईट वाटलं मला. तसं करू नये. पण पोरगा आपला असतो." वैनोने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम लहान मुलासारखी भीती आली. "बरोबर केलं ना मी?"

"बरोबर केलंत, बाबा," तोइमी म्हणाला. "तुम्ही बसवलंत म्हणून तर जिंकलो."

"हां," वैनो म्हणाला. त्याचे खांदे सैल झाले. पावाचा तुकडा कॉफीत बुडवून तो सावकाश खाऊ लागला आणि थोड्या वेळाने खुर्चीतच झोपला.

तोइमी संध्याकाळ व्हायच्या आत घरी आला. सिग्ने दारातच उभी होती.

"बोललास?"

त्याने टोपी काढली, खुंटीवर लावली आणि तो तिथेच, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला. "आता त्यांनी मला माफ करावं असं काही त्यांच्या आठवणीत उरलेलंच नाही, सिग्ने. ते सगळं मला एकट्यालाच आठवतंय."