एका ग्राहकासोबत एकच नातेवाईक

आता काय सांगू तुम्हाला, आणि कोणत्या तोंडानं सांगू! माणूस चुकतो आणि ओरडा खातो, हे रीतसर आहे. मी चुकलो आणि शाबासकी खाल्ली. ती पचली नाही, तेच सांगतो. चहा घ्या आधी.

तर मी इथे इंदौरला एका कन्सल्टिंग फर्ममध्ये काम करतो. म्हणजे नक्की काय करतो, हे आमच्या घरात आजतागायत कुणाला कळलेलं नाही. आईनं एकदा शेजारच्या जोशीकाकूंना सांगितलं, "तो लोकांना सल्ले देतो." काकू म्हणाल्या, "आणि त्याचा पगार मिळतो? आमचे हे तर जन्मभर फुकट देतायत!"

तेव्हा मी नवीन होतो, प्रोबेशनवर. मृणालचं आणि माझं जमलेलं होतं, दोन्ही घरी पसंती होती, फक्त तारीख निघत नव्हती. तिचे बाबा इंदौरजवळच्या महूच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं एकच म्हणणं, "साकेतराव, नोकरीत पक्के व्हा, लगेच मुहूर्त बघू." आणि मला पक्कं करायचं की नारळ द्यायचा, हे आमच्या सीमा मॅडमच्या हातात. म्हणजे बघा, माझं लग्न मॅडमच्या सहीवर अडलं होतं.

अशात मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. कृष्णपुऱ्याच्या बाजूला बाजारात एक साड्यांचं तीन मजली दुकान. मालक पूनमचंदजी. पांढरा शुभ्र कुर्ता, तोंडात कायम बडीशेप.

"देखो साकेतजी," ते मला पहिल्या दिवशी म्हणाले, "भीड़ भोत है, बिक्री नी है. एक दुल्हन आती है, साथ में पूरा मोहल्ला आता है. सौ साड़ी खुलवाते हैं, और के देते हैं, सोच के आते हैं! भिया, सोच के आज तक कौन आया है?"

मी दुकानात बसून अभ्यास केला. खरंच केला, शपथ! पण सगळा डोक्यात. प्रेझेंटेशन बनवायचं राहिलं होतं. तेवढ्यात मॅडमनी सांगितलं, सोमवारी दुपारी शेठजींना दाखवायचं आहे. आणि रविवारी महूला मृणालच्या मावसभावाचा साखरपुडा. होणारा जावई साखरपुड्याला गेला नाही तर चालेल का? तुम्हीच सांगा.

आता आमच्या धंद्यातली एक आतली गोष्ट सांगतो, बाहेर बोलू नका. आम्ही कोरं पान कधी उघडत नाही. नवं काम आलं की आधीच्या कुठल्यातरी कामाचं प्रेझेंटेशन काढायचं, नाव बदलायचं, रंग बदलायचा, आणि मग आतला मजकूर आपला घालायचा. सगळे असंच करतात. ज्याला शेवटची पायरी गाठता येते तो हुशार म्हणवतो.

शेठजींना सगळं हिंदीत हवं होतं. आमच्याकडे हिंदीतलं एकच सापडलं, एका हॉस्पिटलसाठी केलेलं. सोमवारी सकाळी ते उघडलं. कॉम्प्युटरला हुकूम सोडला: जिथे हॉस्पिटल तिथे दुकान, जिथे पेशंट तिथे ग्राहक, जिथे डॉक्टर तिथे सेल्समन. झटक्यात झालं. आता शांतपणे जुन्या सूचना काढून आपल्या घालू म्हणून बाह्या सरसावल्या, तर मागून मॅडम, "चलो साकेत, सेठजी ने जल्दी बुला लिया."

"मॅडम, अर्धा तास..."

"गाड़ी में कर लेना."

गाडीत काय करणार कपाळ! मॅडम सगळा रस्ता मलाच विचारत होत्या की, बाजार कसा आहे, शेठजी कसे आहेत. मी हसून उत्तरं देत होतो आणि मांडीवरचा लॅपटॉप मला चटके देत होता.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर पांढऱ्या गाद्या. समोर कचोऱ्या. शेठजी, त्यांच्या मिसेस आणि सगळे सेल्समन ओळीनं बसलेले. मी देवाचं नाव घेऊन सुरुवात केली. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्यावर होतं, ग्राहक येताच त्याला बसवा, पाणी द्या, आणि तकलीफ काय आहे ते शांतपणे ऐका.

शेठजींनी मान डोलावली. "सही बात है. अपने लड़के सीधे साड़ियाँ खोलने लगते हैं."

माझ्या जिवात जीव आला. तिसरं पान आलं. ग्राहक घाबरलेला असतो, त्याच्याशी हळू आवाजात बोला. हेही चाललं! एक म्हातारा सेल्समन तर म्हणाला, "दुल्हन तो घबराई हुई ही रेती है, सेठजी."

चौथं पान आलं. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: एका ग्राहकासोबत एकच नातेवाईक आत येईल. बाकीच्यांनी बाहेर थांबावं.

इंदौरमध्ये साडीच्या खरेदीला एकच नातेवाईक? अहो, आमच्याकडे रुमाल घ्यायला चौघं जातात!

"ये क्या है?" शेठजींनी विचारलं. तोंडातली बडीशेप थांबली होती.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? हात जोडून, चूक झाली, म्हणायला हवं होतं. पण शेजारी मॅडम बसलेल्या. डोळ्यांपुढे महूचे सासरे, हातात पंचांग. आणि एकदा खोटं धकून गेलं की माणसाला कंठ फुटतो.

"शेठजी," मी म्हणालो, "साड़ी कौन पहनेगा? दुल्हन. और ना कौन बोलता है? बुआ." म्हणजे आत्या. कुठून सुचलं, देव जाणे. "बुआ बाहर, तो ना भी बाहर."

शेठजींच्या मिसेस पहिल्यांदाच बोलल्या, "बात तो सौ टका सही है जी. मेरी शादी में मुझे गुलाबी चाहिए थी, इनकी बुआजी ने कत्थई दिलवाई." मग शेठजींकडे वळून, "आज तक नी पहनी."

मी पटकन पान उलटलं, आणि आगीतून फुफाट्यात पडलो. पाचव्या पानावर होतं: ग्राहकाला शक्यतो सकाळी, उपाशीपोटी बोलवावं.

"खाली पेट?" शेठजी जवळजवळ उभेच राहिले. "इंदौर में? खाली पेट?"

मॅडमनी आता फोनवरची नजर वर केली. मी घोटभर पाणी प्यायलो. "भरे पेट आदमी को नींद आती है, शेठजी. सुबह दिमाग ताज़ा रहता है." आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू येत नव्हता.

शेवटचं पान तर विचारूच नका. घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी ग्राहकाला फोन करून तब्येत विचारावी. मी तब्येतीच्या जागी तोंडानं "साड़ी" वाचलं आणि लॅपटॉप मिटला.

माझं मन म्हणालं, साकेत, गेली नोकरी, गेलं लग्न, आता तू काकांच्या कोचिंग क्लासात फळा पूस.

आणि शेठजींनी मांडीवर थाप मारली. "भोत बढ़िया! कल से चालू करते हैं!"

गाडीत बसल्यावर मॅडम माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "Bold था. पर चलेगा?"

"फील्ड रिसर्च है, मॅडम," मी म्हणालो. जीभ झडली नाही, हेच आश्चर्य.

पुढचे काही दिवस मी रोज कामाचं निमित्त काढून दुकानासमोरच्या पानटपरीवर उभा राहायचो. मनात एकच, कधी एकदा शेठजी शिव्या घालत बाहेर येतात. तर एके सकाळी जवळच्या राऊ गावाहून एक जीप भरून बायका उतरल्या. दारावर नवा गार्ड, अंगावर नवा कोरा गणवेश. "दुल्हन के साथ एक जन. बाकी इधर विराजो."

मी डोळे मिटून घेतले. आता पायताण निघणार!

पण काहीच निघालं नाही. डोळे उघडून पाहतो तर बाहेरच्या नव्या बाकांवर सगळ्या बायका बसलेल्या आणि हातात पोहे-जिलबीच्या बशा. शेठजींनी माझ्या उपाशीपोटाचं इंदौरी करून टाकलं होतं. लोकांना उपाशी बोलवायचं आणि दुकानातच खायला घालायचं! बाहेर बायका पोह्यावर शेव जास्त की कमी यावर वाद घालतायत, आणि आत नवरी काकूला घेऊन थोड्या वेळात गठ्ठा बांधून मोकळी.

मला पाहून शेठजी धावत आले आणि भर रस्त्यात मिठी मारली. "साकेतजी, खाली पेट आए, अपने यहाँ खाए, फिर खाली हाथ कौन जाए!" तिसऱ्या दिवसाचे फोनही जोरात होते. बायकांना इतकं बरं वाटायचं की कुणीतरी विचारतंय, त्या पुन्हा येऊन परकरासाठी कापड आणि नणंदेसाठी साडी घेऊन जायच्या.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! लाजही वाटत होती, पण खरं सांगतो, आनंद जास्त होता. मॅडमनी मला पक्कं केलं, वर ऑफिसात सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. मी त्याच दिवशी महूला फोन लावला. सासरे म्हणाले, "उत्तम! आम्ही मुहूर्त काढूनच ठेवलाय." मृणालला मात्र भेटून मी सगळं खरं सांगितलं. ती इतकी हसली, इतकी हसली की शेवटी मलाच पाणी द्यावं लागलं.

लग्न ठरलं म्हणजे पुढे काय? बस्ता! आणि शेठजींचा निरोप आला, शालू दुसरीकडून घेतला तर जन्मभर बोलणार नाही.

झालं. एका सकाळी दोन गाड्या भरून आम्ही दारात हजर. माझी आई, आत्या, मामी, मृणालची आई, मावशी, मोठी वहिनी. आणि पुढे मी, छाती काढून. माझंच दुकान असल्यासारखा!

गार्डनं हात आडवा केला. "दुल्हन के साथ एक जन. बाकी इधर विराजो."

आई हसली. "ठीक आहे, मी जाते. शालू आमच्याकडचा असतो."

मृणालच्या आईही हसल्या. "हो ना. पण मुलगी अजून आमची आहे, तिच्या आवडीचं मला माहीत."

"तुम्ही बसा ना, विहीणबाई, प्रवास झालाय."

"महूहून कसला प्रवास! तुम्हीच बसा, तुमचे गुडघे दुखतात."

दोघी हसत होत्या, आणि मला त्या हसण्याची भीती वाटायला लागली. आत्या कंबरेवर हात ठेवून गरजली, "अहो, पण असला भंकस नियम केला कोणी?"

नेमके तेव्हाच शेठजी बाहेर आले. हात जोडून म्हणाले, "अरे माताजी, आपके घर का ही तो हीरा है! ये नियम साकेतजी ने ही तो बनाया!"

सगळ्या बायका सावकाश माझ्याकडे वळल्या.

"काय रे?" आई म्हणाली. "मग तूच सांग. कोण जाणार आत? मी की ह्या?"

"हो, साकेतराव," मृणालच्या आई म्हणाल्या. "तुमचं कामच ते. द्या सल्ला."

साऱ्या इंदौरला सल्ला देणारा मी. घसा खाकरला आणि तोंडातून निघालं, "दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे बघून मी सोमवारपर्यंत कळवतो."

मृणालनं कपाळावर हात मारला. मग एका हातानं माझ्या आईला धरलं, दुसऱ्या हातानं स्वतःच्या आईला, आणि गार्डला म्हणाली, "भिया, ये दोनों मेरे साथ जाएँगी. एक जन ज्यादा हो रिया है ना, तो इनके बदले में साहब बाहर बैठेंगे."

गार्डनं शेठजींकडे पाहिलं. शेठजी म्हणाले, "हिसाब बराबर है."

शालू कोणत्या रंगाचा घेतला म्हणता? मला थेट मांडवात कळलं!