कार्बोरेटर मी बसवला तेव्हा

हातावर पेट्रोल सांडलं, की आमचा जुना पिकअप आठवतो. घरातली पहिली पदवी माझी. निकाल लागला त्याच आठवड्यात वडिलांनी लातूरहून दुसऱ्याच कंपनीचा, पण आमच्या गाडीला चालणारा नवा कार्बोरेटर आणला होता. देवणीच्या बाजाराला न्यायचा बैल मागं चढवलेला. नेहमीचे मिस्त्री चाचा पाने घेऊन आले, तर मी सगळ्यांदेखत म्हणालो, "चाचा, तुम्ही बसा. हे वाचून बसवायचं काम हाय." चाचा बसले. वडिलांनी खोकं स्वतः उघडलं आणि माझ्यापुढं ठेवलं. आतल्या इंग्रजी कागदावर खाली लावायचं, फटीतून हवा शिरू न देणारं पातळ पॅकिंग लिहिलेलं होतं, खोक्यात मात्र नव्हतं. पण एवढं बोलून बसल्यावर विचारणार कुणाला? तसेच नट आवळले. गाडी सुरू व्हायची, फडफडून बंद पडायची. बॅटरी उतरेपर्यंत पारावरची माणसं हसत राहिली होती. "सायब, कागद उलटा तर न्हाई धरला?" मग वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली. आत पॅकिंग होतं. "कागदात व्हतं का हे?" मी म्हणालो, "व्हतं." "मग इचारलं का न्हाईस?" एकटे चाचा हसले नाहीत. त्यांनी पॅकिंग बसवलं, आणि धक्का मारायला वडिलांनी मला बैलाच्या शेपटीमागं उभं केलं. आज मी नांदेडला शिकवतो. वडील गावाकडून पिशवी घेऊन आले, की त्यांच्यासमोरच उघडून एकेक वस्तू मोजतो. त्यांच्या मनाला ते लागतं, मला दिसतं. तरी मोजतो.